निरंक

तारामुंबरीत, बर्फाच्या कारखान्याच्या वरच्या खोलीत
माझ्यासमोर एक मेलेलं यंत्र उघडं पडलंय.
म्हणजे यंत्र नव्हे. ते हैदराबादेत कुठेतरी
केव्हाच पुन्हा उठून कामाला लागलं.
माझ्याकडे आहे त्याचा शेवटचा क्षण:
साठ जीबी स्मृती, कोसळता कोसळता
घाईने फाइलीत ओतलेली.

कर्नल मेला की स्वतः काही सांगत नाही.
सांगतं ते आमचं हत्यार:
कुठल्या फंक्शनने कुणाला हाक मारली,
कुलूप कुणाच्या हातात राहिलं,
कोण कुणाची वाट बघत तसाच उभा.
अकरा वर्षांचं जुनं, चार जणांनी
रिकाम्या वेळात सांभाळलेलं.
मी पाचवी.

या आठवड्यात हत्यारच आजारी.

गोल यादीत शिरलं की बाहेर येईना,
चकवा लागलेल्या माणसासारखं
रात्रभर त्याच त्या वडापाशी.
त्याला सांगितलं, पाहिलेलं झाड पुन्हा दिसलं
की थांब, आणि तसं लिही.

मग एका रचनेत, नव्या कर्नलमध्ये,
कुणी मधेच आठ बाइटचं बिऱ्हाड घुसवलेलं.
पुढची सगळी दारं सरकली,
आणि आमचं हत्यार जुन्याच अंतरावर कडी वाजवतंय,
शेजाऱ्याचं नाव विचारून
मालकाचं म्हणून उतरवून घेतंय.
हे तीन ओळींत मिटलं.

तिसऱ्याने मात्र तीन रात्री खाल्ल्या.

सगळी स्मृती फाइलीत मावत नाही.
काही पानं मुद्दामच गाळतात.
अशा पानावर गेलं की हत्यार
काही न बोलता शून्य आणून देई.
आणि शून्य म्हणजे तर उत्तर झालं:
कुलूप कुणाकडे नव्हतं, रांग रिकामी होती.
त्या शून्यावर विसंबून गेल्या वर्षी
आम्ही एका ड्रायव्हरवर ठपका ठेवला.
तो लिहिणारा पोरगा, कोरियातला का कुठला,
तीनदा म्हणाला, माझं नाही.
चौथ्यांदा म्हणाला नाही.

साडेतीनला खाली क्रशर सुरू होतो,
लाद्या फुटतात, टेबलावरचा चहा थरथरतो.
जानबा खोबरेकर वर बघून ओरडतो,
'अजून निजाक नाय गो?'
जानबा 'जलदुर्गा'वर तांडेल होता.
बोट खडकावर बसली, त्या पंचनाम्यात
एक रकाना आहे: बत्तीतील दोष.
पुढे सुवाच्य अक्षरात: निरंक.
त्यानंतर त्याच्या हाती कुणी सुकाणू दिलं नाही.
'थंय जावन बघल्यान कोणी?'
हे तो कधी कधी विचारतो. मला नव्हे,
लादीवर टोचा मारताना, लादीला.

चौथ्या रात्री सापडलं.
वाचन फसलं तर फंक्शन तसं सांगत होतं,
अगदी पहिल्या दिवसापासून सांगत होतं.
ऐकून घ्यायला पलीकडे कुणी नव्हतं.
मी ऐकायला लावलं.
आता गाळलेल्या पानाशी हत्यार अडखळतं
आणि छापतं: नोंद नाही.

गेल्या वर्षीची फाइल पुन्हा चालवली.
ड्रायव्हरचं नाव गेलं.
त्या जागी दुसरं कुणाचं आलं नाही.
नोंद नाही, नोंद नाही, नोंद नाही,
पडदाभर.
तो सुटला असंही म्हणता येत नाही,
एवढंच की आम्हाला माहीत नव्हतं
आणि माहीत असल्यासारखे बोललो.
हे त्याला लिहिलंय. पत्ता तोच आहे का, कोण जाणे.

पॅच धाडला. वर्णनात लिहिलं:
न वाचलेलं ते शून्य समजू नये.
दोनदा खोडून तेच ठेवलं.

खाली उतरले तेव्हा बंदराकडचे टेम्पो लागत होते,
पाट्या आपटत होत्या. जानबाला काही सांगावं
असं मनात आलं, पण त्याच्या बोटीची फाइल
माझ्याकडे नाही. कुणाकडे आहे, तेही विचारलं नाही.
त्याने माझे डोळे बघितले
आणि लादीचा एक टवका हातावर ठेवला.
'लाव,' म्हणाला.